न वाजलेला अलार्म

गोदामाच्या मागच्या भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड, मोबाइलचे खोके गायब आणि अलार्म रात्रभर गप्प. विमा कंपनीतर्फे सर्व्हेला पोहोचलो तेव्हा पंचनामा उरकला होता. तपास अधिकाऱ्यांना आतल्याच कुणाचा तरी हात दिसत होता. मालक म्हणत होते, यंत्रच टाकाऊ. अलार्म कंपनीचा तंत्रज्ञ नोंदी दाखवत होता: यंत्रणा रात्री चालू केलेली, बॅटरी ठीक, बिघाड नाही. जो तो आपापली फाइल सांभाळत होता. मीही त्यातलाच, गोदाम बंद असताना अलार्म चालू हवा, ही पॉलिसीतली अट मला तपासायची होती.

बिलांसोबतची आयएमईआय यादी, म्हणजे प्रत्येक मोबाइलच्या ओळख क्रमांकांची, अधिकाऱ्यांना दिली, तेवढ्यात शिडीवरून हाक आली, "साहेब, हे बघा."

तंत्रज्ञाने सेन्सरवर तिरका टॉर्च मारला. भिंगावर चकचकीत पातळ थर, कडेला एक ओघळ सुकलेला. पारदर्शक लॅकर, वॉर्निशसारखं. हा सेन्सर अंगाच्या उष्णतेचे, साधारण १० मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण टिपतो. डोळ्याला आरपार दिसणारा तो थर नेमके तेच अडवतो. यंत्र बापडं जागं होतं, पण आंधळं.

अधिकाऱ्यांचा सूरच बदलला. फवारणी दिवसा झाली असणार, अलार्म बंद असताना. त्यांनी लगेच आल्यागेल्यांचं रजिस्टर मागवलं.

युरोपीय मानक ईएन ५०१३१ मध्ये अलार्मच्या ४ श्रेणी आहेत. सेन्सर झाकला गेल्याचं ओळखण्याची सोय तिसरीपासून सक्तीची, इथला दुसरीतला. आमच्या पॉलिसीत मात्र नुसतं 'अलार्म असावा'. एवढ्या मालाला श्रेणी न लिहिणं हा आमच्याच लोकांचा आळस, असं अहवालात लिहिलं. ते वाक्य वर कुणाला आवडलं नाही.

त्या दिवशी गोदामातच मला एक जुना दावा आठवला. तशीच भिंत, तसाच मुका अलार्म, शेरा 'उपकरणात बिघाड'. हद्द दुसऱ्या ठाण्याची, त्यामुळे या अधिकाऱ्यांना पत्ताच नव्हता. लेखी मागितलं तर विमा कंपनी माहिती देते. पण ती आहे हेच माहीत नसेल, तर मागणार कोण? मी सांगताच अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे मागणीचं पत्र लिहून दिलं.

तंत्रज्ञाने त्या जुन्या सेन्सरची चौकशी केली. तो नादुरुस्त म्हणून बदलला होता आणि काढलेला कधीच भंगारात गेला होता. या वेळचा मात्र अधिकाऱ्यांनी पुरवणी पंचनामा करून, भिंगाला बोट न लावता पाकिटात सील केला.