म्हणजे ती स्वराज माझदाच ना?

भारतात आल्यावर कोणी विचारलं, "मेलबर्नला गाडी कुठली घेतलीस?" आणि मी "माझदा" म्हटलं, की पुढचं वाक्य ठरलेलं. "म्हणजे ती स्वराज माझदाच ना? शाळेच्या बसवाली?" विचारणारा कनवाळू असेल तर त्यावर "बरी चालते का?" आणि हिशेबी असेल तर "टोयोटा मिळत नव्हती का तिकडे?" दर वेळी मी अर्धंमुर्धं काहीतरी सांगून चहाकडे वळतो. पण आता इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतोच.

हो, तीच. १९८०च्या दशकात हलक्या ट्रकांसाठी जपानी कंपन्यांशी भागीदारी करायला आपल्याकडे परवानगी मिळाली, तेव्हा चार जोड्या जमल्या: डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, आयशर-मित्सुबिशी आणि पंजाब ट्रॅक्टर्सच्या स्वराजबरोबर माझदा. १९८५नंतर येन असा वधारला की जपानहून सुटे भाग आणून इथे गाडी जोडणं परवडेना. डीसीएमने टोयोटाचा हात सोडून देवूचा धरला आणि सिएलो ही कार आणली. ऑल्विन म्हटलं की आज लोकांना फ्रिज आठवतो, ट्रक नाही. स्वराज माझदा टिकली. पुढे माझदाने अंग काढून घेतलं, इसुझू ही दुसरी जपानी कंपनी आली, २०११ साली कंपनी एसएमएल इसुझू झाली, आणि २०२५मध्ये तीही महिंद्रच्या पंखाखाली गेली. लोकांच्या तोंडात मात्र "पोरांना माझदा लावलीय" हे राहिलंच. आणि जपानच्या मूळ माझदाची कार तिच्या स्वतःच्या नावाने भारतात कधी विकायलाच आली नाही. त्यामुळे तुमच्या डोळ्यांसमोर पिवळी बस येते यात तुमची काहीच चूक नाही.

तसंही माझदाने सुरुवात मालवाहू गाडीपासूनच केली. त्याच्याही आधी बुचांपासून. १९२० साली हिरोशिमात ‘तोयो कॉर्क कोग्यो’ नावाची बुचांची कंपनी निघाली. दुसऱ्याच वर्षी ती जुजिरो मात्सुदांच्या हाती आली. कोळ्याच्या घरात जन्मलेला, पोरवयात लोहाराकडे उमेदवारी केलेला हा माणूस बुचांत फार काळ रमणं शक्यच नव्हतं. त्यांनी यंत्रं बनवायला घेतली आणि १९३१ साली तीनचाकी काढली, पुढून मोटरसायकल आणि मागे हौदा. तिचं नाव माझदा-गो. मात्सुदा आडनावाशी जुळणारं आणि शिवाय पारशांचा देव अहुर मज्द याचं, त्यामुळे आमचे पारशी मित्र या गाडीवर थोडा हक्क सांगतात आणि मी सांगू देतो.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरोंचा सत्तरावा वाढदिवस. त्या सकाळी हिरोशिमावर अणुबाँब पडला. ते स्वतः वाचले, त्यांचा एक मुलगा गेला. वर्षअखेरपर्यंत शहरात सुमारे १,४०,००० माणसं मेली असा अंदाज आहे. कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून पाचेक किलोमीटरवर, फुचू गावात, आणि मध्ये हिजियामा नावाची बुटकी टेकडी. त्या टेकडीच्या आडोशामुळे इमारती बऱ्याचशा उभ्या राहिल्या. इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी, कारण कौतुकाच्या लेखांत ती सहसा गाळली जाते: युद्धाच्या काळात याच कारखान्यात सैन्यासाठी रायफली बनत होत्या. बाँबनंतर तिथे जखमींवर उपचार झाले, आणि शहरात बसायला जागाच न उरलेली प्रांताची सरकारी कचेरी जवळपास वर्षभर तिथूनच चालली. डिसेंबरमध्ये तीनचाकी पुन्हा बाहेर पडू लागल्या. ढिगारे उपसायचे, लाकूड-सिमेंट आणायचं, भाजी आणायची, तर वाहन हवंच होतं.

यानंतर येतं माझं आवडतं प्रकरण, आणि टोयोटावाल्या प्रश्नाचं खरं उत्तरही त्यातच आहे.

१९६०च्या सुमाराला जपानच्या व्यापार आणि उद्योग मंत्रालयाला वाटायला लागलं की देशात कार कंपन्या फार झाल्या. परदेशी गाड्यांना दारं उघडण्याआधी लहानांनी मोठ्यांत विलीन व्हावं. माझदा तेव्हा लहान. पहिली कार, दोन दारांची चिमुकली आर३६०, १९६० साली नुकतीच आलेली. जुजिरोंचे वारस त्सुनेजी मात्सुदा यांनी ओळखलं की आपल्याकडे दुसऱ्या कोणाकडेच नाही असं काहीतरी असलं, तरच आपण स्वतंत्र राहू. जर्मनीत एनएसयू कंपनी फेलिक्स वांकेलच्या नव्या इंजिनावर काम करत होती. त्सुनेजी तिकडे गेले आणि १९६१मध्ये परवान्याचा करार झाला.

आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँक त्या हालचालीचं फिरणं करते. वांकेलच्या इंजिनात पिस्टनच नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, कमरेत किंचित दबलेल्या लंबगोल डब्यात गरगर फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि डब्याची भिंत यांच्यामध्ये तीन पोकळ्या तयार होतात. एकीत पेट्रोल-हवा आत येते, दुसरीत दाबली जाऊन पेटते, तिसरीतून धूर जातो, सगळं एकाच वेळी. व्हॉल्व्ह नाहीत, धडधड नाही, इंजिन आकाराने एवढंसं. कागदावर पाहिलं तर असं वाटतं की बाकी जगाने इतकी वर्षं उगाच एवढी खटपट का केली?

घोडं अडलं त्रिकोणाच्या टोकांशी. प्रत्येक टोकावर एक पट्टी बसवलेली असते, एपेक्स सील. तिने डब्याच्या भिंतीला कायम चिकटून राहायचं, म्हणजे एका पोकळीतला वायू दुसरीत जाणार नाही. पण पट्टी भिंतीवरून घसटत जाताना थरथरायची आणि आतल्या क्रोमच्या मुलाम्यावर ओरखड्यांच्या लाटा उमटायच्या. हिरोशिमाच्या इंजिनिअरांनी त्यांना नाव दिलं ‘सैतानाची नखं’. १९६३ साली रोटरीचं, म्हणजे या फिरत्या इंजिनाचं, स्वतंत्र खातं निघालं. प्रमुख केनइची यामामोतो, आणि मंडळी सत्तेचाळीस. मेलेल्या मालकासाठी सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस रोनिनांची, म्हणजे बिनमालकाच्या सामुराईंची, कथा जपानात पोराटोरांना पाठ असते, त्यामुळे या चमूला तेच नाव पडलं. ही माणसं अक्षरशः त्या पट्टीच्या मागे लागली. धातू बदलून पाहिले, जाडी बदलून पाहिली. शेवटी लक्षात आलं की खरा गुन्हेगार पट्टीच्या कंपनांची वारंवारता आहे. पट्टीच्या टोकाजवळ आडवी-उभी भोकं पाडून तिची थरथर बदलली तेव्हा नखं थांबली. विक्रीच्या गाडीत मग कार्बनमध्ये अॅल्युमिनियम मुरवलेली पट्टी आली.

३० मे १९६७ रोजी कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी कार बाजारात आली, दोन रोटरची (रोटर म्हणजे तो फिरणारा त्रिकोण), दिसायला आजही अंतराळातून उतरल्यासारखी. १९७२पर्यंत सगळ्या मिळून १,१७६ बनल्या. म्हणजे धंदा म्हणून शून्य. पण १९६८ साली ती जर्मनीत न्युरबर्गरिंगच्या ट्रॅकवर ८४ तासांच्या शर्यतीत उतरली आणि चौथी आली. त्याच १९६७ साली इंजिनाची मूळ मालकीण एनएसयूनेही आपली रोटरी कार आणली, रो ८०. तिची इंजिनं अकाली निकामी व्हायला लागली, बदलून देता देता कंपनी खंक झाली आणि १९६९मध्ये फोक्सवॅगनच्या घरात विरघळली. शिकवणारा बुडाला, शिकलेला तरला.

तरला म्हणजे तेवढ्यापुरता. माझदाने मग रोटरी जवळपास सगळ्या गाड्यांत घालायला सुरुवात केली, ट्रक आणि बससुद्धा सोडली नाही. अमेरिकेत खप वाढत होता. आणि १९७३च्या ऑक्टोबरात तेलाचं संकट आलं. रोटरीचा जन्मजात दोष म्हणजे तहान. अमेरिकी सरकारच्या चाचणीत शहरातलं अॅव्हरेज गॅलनला दहा-अकरा मैल निघालं. आपल्या भाषेत लिटरला सव्वाचार-साडेचार किलोमीटर. गाड्या गोदामात पडून राहिल्या. सुमितोमो बँकेने सूत्रं हाती घेतली, त्सुनेजींचा मुलगा कोहेई मात्सुदा याला १९७७मध्ये अध्यक्षपद सोडावं लागलं. कामगारांना घरी न बसवता हजारोंना शोरूममध्ये गाड्या विकायला पाठवलं. काल नटबोल्ट आवळणारा माणूस आज टाय लावून गिऱ्हाइकाच्या दारात. हिरोशिमाच्या व्यापाऱ्यांनी ‘गाडी घ्यायची तर आपल्या गावची’ अशी मोहीम काढली. योगायोग असा की १९७५ साली, कंपनी गटांगळ्या खात असताना, हिरोशिमाच्या कार्प या बेसबॉल संघाने पहिल्यांदाच लीग जिंकली. संघ मात्सुदा घराण्याशी जोडलेला. त्या वर्षी गावाला साजरं करायला तेवढंच होतं.

इथे कुठलीही शहाणी कंपनी रोटरी बंद करती. माझदाने आधी तिचं अॅव्हरेज सुधारायला घेतलं आणि १९७८मध्ये आरएक्स-७ काढली, ती अमेरिकेत धो धो खपली. १९७९मध्ये फोर्डने सुमारे पाव हिस्सा घेतला. १९९६मध्ये तो ३३.४ टक्के करून हेन्री वॉलेस यांना अध्यक्ष नेमलं, जपानी कार कंपनीच्या प्रमुखपदी पहिलाच परदेशी माणूस. ती वेळ आली ती पुन्हा स्वतःच्या कर्माने: तेजीच्या काळात जपानात एकाच कंपनीने विक्रीच्या पाच वेगवेगळ्या साखळ्या उघडल्या होत्या, आणि फुगा फुटल्यावर त्या पोसणार कोण? हट्ट आणि हाव यांतला फरक माझदालाही नेहमीच कळला आहे असं नाही.

पण मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. एक, १९८९ची एमएक्स-५. उघड्या टपाची दोन माणसांची गाडी. ब्रिटिशांनी असल्या गाड्यांचं कौतुक करत करत त्या बनवणं सोडून दिलं होतं, त्या पावसात छत गळत नाही आणि सकाळी चालू होते अशा स्थितीत माझदाने परत आणल्या. २०१६मध्ये दहा लाखावी बनली. दुसरी, १९९१ची फ्रान्समधल्या ला माँची २४ तासांची शर्यत. नारिंगी-हिरवी ७८७बी, चार रोटर, कानठळ्या बसवणारा आवाज. नियमांत वाटाघाटी करून मर्सिडीजपेक्षा हलकी गाडी उतरवायची सवलत माझदाने आधीच पदरात पाडून घेतली होती, हे भक्तमंडळी सांगत नाहीत. शेवटच्या काही तासांत आघाडीची मर्सिडीज बंद पडली आणि ही पुढे आली. शेवटची पाळी चालवणारा जॉनी हर्बर्ट इतका गळून गेला होता की बक्षिसाला मंचावर उभाही राहू शकला नाही. ला माँ जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी. टोयोटाला तिथे जिंकायला २०१८ उजाडावं लागलं. हे वाक्य मी टोयोटावाल्या मामांना दर वेळी ऐकवतो.

आता "बरी चालते का?" याचं. ऑस्ट्रेलियात हा प्रश्न कोणी विचारत नाही. २०११ आणि २०१२ साली माझदा ३ ही इथली सगळ्यात जास्त खपलेली गाडी होती. नर्सेस, मास्तर, निवृत्त आजोबा, सगळे चालवतात. कॅनडातल्या आमच्या नातेवाइकांचं मत वेगळं, कारण रस्त्यावर मीठ टाकतात तिथे जुन्या माझदा ३च्या मागच्या चाकांवरचा पत्रा गंजायचा. दोन्ही खरं आहे. फोर्डने हळूहळू हिस्सा विकल्यावर २०११पासून कंपनीने इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा सगळं नव्याने केलं, तेव्हापासूनच्या गाड्या यंत्र म्हणून साध्या आणि टिकाऊ आहेत. बाकीचे लहान टर्बो इंजिनाच्या मागे धावत असताना हे साधंच पेट्रोल इंजिन जास्त दाबावर चालवत बसले. आज टोयोटाचाही यांच्यात पाचेक टक्के हिस्सा आहे, म्हणजे मामा पूर्ण चुकत नाहीत.

मी घेतली ती मात्र पायामुळे. माझदाचा अॅक्सिलरेटर वरून लोंबकळत नाही, खाली जमिनीलाच बिजागरीने जोडलेला असतो, जुन्या नाटकांच्या पायपेटीसारखा. टाच जमिनीवर टेकलेली राहते आणि पाऊल तिच्यासकट पुढे झुकतं. मेलबर्नच्या मोनॅश फ्रीवेवर संध्याकाळी तासभर मुंगीच्या पावलाने सरकताना नडगी दुखत नाही. क्लच असलेली गाडी मिळते तिथे गिअरचा दांडा दोन बोटांनी, मनगटाच्या हालचालीवर पडतो. ब्रोशरमध्ये यातलं काहीच डोळ्यांत भरत नाही. अर्थात हट्ट सुटतोही: गाडीतल्या पडद्याला हात लावू नका, गोल बटण फिरवा, असं वर्षानुवर्षं बजावणाऱ्या कंपनीने २०२५मध्ये दाखवलेल्या नव्या सीएक्स-५मधून ते बटण काढलं आणि भला मोठा टचस्क्रीन लावला. मला ते अजिबात आवडलेलं नाही.

राहिला शेवटचा, मुलं शिकायला इकडे आलेल्या आईबापांचा प्रश्न: सेकंडहँड कुठली घेऊ द्यावी? दोन लिटरची पेट्रोल माझदा ३, २०१४नंतरची, सर्व्हिसची वही पूर्ण असलेली, डोळे मिटून घ्या. पण पोरगा आरएक्स-८चे फोटो पाठवायला लागला तर सावध व्हा. रोटरीची ती शेवटची स्पोर्ट्स कार २०१२मध्ये बंद झाली, म्हणून आता स्वस्तात मिळते. घ्यायचीच असेल तर इंजिन गरम असताना रोटरीच्या माहीतगाराकडून कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. ती ऑइल जाळतेच, ते दर थोड्या दिवसांनी बघून भरावं लागतं. आणि थंड इंजिन चालू करून, गाडी दोन फूट हलवून, लगेच बंद करायचं नाही. आत पेट्रोल साचतं आणि पुन्हा चालू होता होत नाही. एवढं सांभाळणार असेल तर घेऊ द्या बापड्याला. पेट्रोलचे पैसे मात्र त्याचे त्याने द्यायचे.