सांगलीला जाताना साताऱ्यात अर्धा तास

पुण्याहून सांगली म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आणि सातारा जवळपास मधोमध पडतं, त्यामुळे ईव्हीवाल्यांना हा रस्ता एकदम सोयीचा. आमची बॅटरी ४५ युनिटची, एलएफपी म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची. सकाळी ८० टक्क्यांवर निघालो, सोबत आई आणि काका. काकांची सगळी नोकरी सबस्टेशनला गेली, त्यामुळे गाडी हायवेला लागली की त्यांचं लक्ष बाहेर कमी आणि समोरच्या आकड्यांवर जास्त. खंबाटकीच्या चढाला टक्के भराभर उतरले, पुढे उतारावर रीजननं, म्हणजे वेग आवरताना मोटरच वीज बनवून बॅटरीत टाकते त्यानं, थोडे परत आले (थोडेच, चढाला गेलेलं सगळं काही मिळत नाही) आणि साताऱ्यात पोचलो तेव्हा ४१ राहिले होते.

हायवेलगतच्या हॉटेलात ६० किलोवॅटचा चार्जर आहे, तिथं गन लावली. आई मिसळ सांगायला आत गेली आणि काका चार्जरपाशीच उभे.

"अरे, मशीनवर तर ६० लिहिलंय, गाडी ४२ च घेतीय की?"

"काका, किती घ्यायचं ते गाडी ठरवते. आतला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारा कॉम्प्युटर, मागेल तेवढाच करंट येतो."

मग विषय निघाला तो निघालाच. चार्जिंग म्हणजे लिथियमचे आयन एका बाजूनं सुटून दुसऱ्या बाजूच्या ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. रिकाम्या एसटीत माणसं पटापट बसतात पण शेवटच्या पाच-सहा सीटा शोधायला वेळ लागतो ना, तसंच, म्हणून ८० च्या पुढं वेग पडतो. आणि तिथं जबरदस्तीनं करंट ढकलला तर आयन आत शिरायच्या ऐवजी ग्राफाइटच्या वरच लिथियम धातू होऊन साचतात, त्याला प्लेटिंग म्हणतात, त्यातलं बरंचसं लिथियम परत कामाला येत नाही, म्हणजे तेवढी बॅटरी कायमची गेली, वर आत शॉर्ट व्हायचा धोका वेगळाच. बीएमएस हात आखडता घेतो तो यासाठी. कंपन्या जाहिरातीत १० ते ८० चीच मिनिटं सांगतात, शंभरची सांगत नाहीत, त्यामागंही हेच आहे.

काकांनी केबलला हात लावून पाहिला, कोमट होती. बॉनेटखालून पंख्याचा मोठा आवाज येत होता. "करंट डबल केला तर उष्णता चौपट," ते लगेच म्हणाले, "आम्ही लाइन उगाच हाय टेन्शनवर न्यायचो काय!" अगदी तेच. ८०० व्होल्टच्या गाड्या आल्यात त्या याच हिशोबानं, तेवढीच पॉवर निम्म्या करंटमध्ये जाते. पण त्या महाग, आणि चार्जरही त्या तोडीचा लागतो, नाहीतर उपयोग नाही.

आणि सेलच्या आतही देवाणघेवाण आहेच. तांब्याच्या फॉइलवर ग्राफाइटचा लेप जाड दिला की तेवढ्याच वजनात जास्त युनिट मावतात, पण आयनला आतपर्यंत पोचायला लांबचा रस्ता, म्हणजे चार्जिंग हळू. लेप पातळ केला तर चार्जिंग फास्ट, पण फॉइल आणि सेपरेटरचंच (दोन बाजूंमधल्या पातळ पडद्याचं) वजन आणि खर्च वाढतो, रेंज कमी. रेंज, वेग, आयुष्य आणि किंमत, चारही एकदम कुणालाच जमलेलं नाही. एलएफपीमध्ये निकेल-कोबाल्ट नाही, स्वस्त पडते, तापायला जास्त सहन करते, जास्त वर्षं टिकते, पण तेवढ्याच युनिटला एनएमसीपेक्षा (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्या बॅटरीपेक्षा) जड. मी हिशोब करून एलएफपीच घेतली आणि आजही तीच घेईन.

अर्ध्या तासात ८० झाले, आमची मिसळही खाऊन झाली, कंदी पेढे घेतले आणि निघालो. मला मनापासून वाटतं की या पट्ट्यात दहा मिनिटांत भरणाऱ्या गाडीची एवढी गरज नाही, गरज आहे ती दर चाळीस-पन्नास किलोमीटरवर चालू असलेल्या, सावलीतल्या चार्जरची, कारण तेवढा भरवसा असला की लोक उगाच मोठी बॅटरी घेऊन ते वजन रोज ऑफिसला ओढत बसणार नाहीत.

कराड, पेठ नाका, आष्टा करत दुपारी सांगलीत पोचलो तेव्हा ४० च्या आसपास शिल्लक होती. चुलतभावाकडं १५ अँपियरचा प्लग आहे, त्यावर तासाला जेमतेम तीन युनिट जातात, रात्रभराला भरपूर झालं. परतीच्या आदल्या रात्री शंभर केली. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या भागात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे किती टक्के उरलेत हे बीएमएसला नीट कळायला अधूनमधून पूर्ण भरावी लागते. पण सकाळी लगेच निघायचं होतं म्हणून, नाहीतर सांगलीच्या उन्हाळ्यात फुल्ल भरलेली गाडी दिवसेंदिवस उन्हात उभी ठेवणं मला पटत नाही, जास्त चार्ज आणि जास्त उष्णता एकत्र आली की गाडी न चालवताही बॅटरी म्हातारी होते. चुलतभावाची गाडी एनएमसी, रोज शंभर करून दारात उनातच लावायचा. त्याला म्हटलं, "दादा, तुम्हाला रोज शहरात पंधरा-वीस किलोमीटर जायचंय, ८० ची लिमिट लावा आणि गाडी शेडमध्ये घ्या." त्यानं तिथंच ॲप उघडून लिमिट लावली, आणि शेडमधली जुनी मोटरसायकल हलवायला काका पुढं झाले.