वारीसाठी खांद्यावरची कॅमेरा बॅग: मापं, पट्टा आणि पाऊस

सद्यस्थिती अशी: बाहेरची बॅग ठरली, आतला कप्प्यांचा खोका कापून-चिकटवून तयार आहे, पट्टा बदलून झाला. पावसाचं काम अर्धं बाकी आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड, म्हणजे दिवे घाटाचा साधारण ३० किलोमीटरचा टप्पा चालायचा आणि पूर्ण वेळ कॅमेरा हाताशी ठेवायचा, एवढी एकच गरज धरून सगळे निर्णय घेतले आहेत. लग्नाच्या कामाला किंवा पक्ष्यांच्या फोटोंना ही बॅग चालेलच असं नाही.

सॅक का नको, हे आधीच सांगून टाकतो. चालण्यासाठी सॅकच चांगली, यात वाद नाही. पण लेन्स बदलायची तर ती खांद्यावरून उतरवून कुठेतरी टेकवावी लागते. घाटात दिंडी चालू असताना मध्येच थांबता येत नाही आणि खाली चिखल असतो. शिवाय दाट गर्दीत पाठीवरची चेन नजरेआड राहते. खांद्यावरची बॅग पुढे ओढून उभ्या-उभ्या उघडता येते. या सोयीची किंमत एकच, सगळं वजन एका खांद्यावर येतं. त्यामुळे निवडीची सुरुवात कप्पे मोजून न करता तराजूपासून केली.

हिशोब ज्या सामानाचा आहे ते असं: सोनी ए७ फोर कॅमेऱ्याची बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) बॅटरी आणि कार्डासह ६५८ ग्रॅम, २४-१०५ एफ/४ लेन्स ६६३ ग्रॅम, ७०-२०० एफ/४ ची दुसरी आवृत्ती ७९४ ग्रॅम, ३५ एफ/१.८ लेन्स २८० ग्रॅम. वर ८३ ग्रॅमच्या दोन जादा बॅटऱ्या. बेरीज २ किलो ५६१ ग्रॅम. दिवसभर चालताना एका खांद्यावर ४ किलोच्या वर जायचं नाही, ही मर्यादा आम्ही घालून घेतली. पुसायची फडकी, ब्लोअर (धूळ उडवायचा रबरी फुगा), पावसाचं कव्हर, कार्डांची डबी यांना ३०० ग्रॅम सोडले, तर बॅग, खोका आणि पट्टा मिळून १,१०० ग्रॅमच्या आसपास उरतात. दुकानात याच आकाराच्या, चारही बाजूंनी जाड फोम शिवलेल्या कितीतरी बॅगा रिकाम्याच दीड किलोच्या घरात जातात. त्या इथेच बाद झाल्या. पाण्याची बाटलीही याच बॅगेत नको. अर्धा लिटर म्हणजे आणखी अर्धा किलो, आणि झाकण सैल झालं तर काय होईल ते सांगायला नको. बाटली कमरेच्या पट्ट्याला, बॅगेच्या विरुद्ध बाजूला.

म्हणून पातळ कॅनव्हासची मऊ बॅग आणि आत सुटा, काढता येणारा खोका, ही जुनी पद्धत निवडली. फिलाडेल्फियातल्या वृत्तपत्रात काम करणाऱ्या जिम डोम्के या छायाचित्रकाराने १९७० च्या दशकाच्या मध्यात स्वतःच्या गरजेपोटी अशीच बॅग बनवली होती. बाजूंना फोम नाही, मधे कप्प्यांचा खोका. एफ-२ म्हणून ती पुढे बातमीदार फोटोग्राफरांमध्ये खूप चालली. अशी बॅग अंगाला चिकटून बसते, कडक खोक्यासारखी कमरेवर आदळत नाही. तोटाही खरा आहे: कोणी जोरात आपटलं तर कापड काही अडवत नाही, सगळा धक्का आतल्या फोमवर येतो. म्हणून खोका नीट बसणं महत्त्वाचं.

आता खोली, म्हणजे बॅग अंगापासून किती पुढे येते ते माप. बॅग बघताना लांबी-उंची सगळे मोजतात, हे माप सुटतं. वजन कमरेपासून जितकं लांब, तितकी बॅग बाहेर झुकते, पट्टा मानेकडे सरकतो आणि चालणारा नकळत दुसऱ्या बाजूला कलून चालायला लागतो. आतली खोली १२ सेंटिमीटर धरली, ती अशी: कॅमेरा २४-१०५ लावलेलाच, लेन्स खाली करून ठेवायचा. मग बॉडी वर आडवी राहते आणि तिची ९६ मिलिमीटरची उंची बॅगेच्या खोलीत बसते. दोन्हीकडे १० मिलिमीटर फोम धरला की ११६ होतात, वर थोडी मोकळीक.

लांबीत मात्र एक युक्ती कामी आली. बॉडी १३१ मिलिमीटर रुंद आहे, तरी तिच्यासाठी १४ सेंटिमीटरचा कप्पा लागत नाही. आतले पडदे, म्हणजे कप्पे पाडणाऱ्या फोमच्या पट्ट्या, बॅगेच्या उंचीपेक्षा बुटके ठेवले की मधला कप्पा फक्त लेन्सपुरता, १० सेंटिमीटरचा पुरतो. बॉडी पडद्यांच्या वर टेकते आणि ग्रिपची (हाताने धरायची) बाजू शेजारच्या कप्प्यावर येते. त्या कप्प्यात ३५ ची बुटकी लेन्स (उंची ७३ मिलिमीटर) खाली आणि तिच्यावर फडकं. दुसऱ्या बाजूला ७०-२०० उभी. ती १४९ मिलिमीटर लांब आणि ८२ जाड आहे, तिला साडेनऊ सेंटिमीटर दिले. अशा रीतीने आतली लांबी ३१ सेंटिमीटरमध्ये भागली. हूड (लेन्सच्या तोंडावर लावायचं उन्हाचं आवरण) उलटं लावून ठेवणार असाल तर माप हुडाचं घ्या, लेन्सचं नको. कंपनीने छापलेल्या व्यासात हूड धरलेलं नसतं.

पडद्यांची उंची घेताना घाई करू नये. पडदा उंच झाला तर बॉडी त्यावर तरंगते आणि फ्लॅप, म्हणजे बॅगेचं वरचं झाकण, नीट बंद होत नाही. फार बुटका झाला तर लेन्सचं तोंड तळाला टेकतं आणि बॅग खाली ठेवताना सगळा धक्का लेन्सच्या पुढच्या कडेवर, तिथून माउंटवर (लेन्स आणि बॉडीच्या जोडावर) जातो. लेन्सचं टोक तळापासून निदान बोटभर वर राहिलं पाहिजे. वजन बॉडीने घ्यायचं.

खोक्याला बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, ईव्हीए फोम वापरला, बाजूंना १० आणि पडद्यांना ८ मिलिमीटर. गादीत असतो तो मऊ स्पंज स्वस्त आणि हलका, पण पाणी पितो आणि दिवसभर धरून ठेवतो. पांढरा ईपीई फोम पाणी घेत नाही, मात्र वारंवार दाबला की बसतो आणि कडा तुटतात. चिकटवायला फेविकॉल एसआर. दोन्ही पृष्ठांवर पातळ थर, १० ते १५ मिनिटं थांबून बोटाला चिकटेनासा झाला की दाबायचं. ओला असतानाच दाबला तर जोड उन्हात सरकतो. आणि एक गोष्ट कळकळीने: चिकटवलेला खोका वास पूर्ण जाईपर्यंत पंख्याखाली उघडा ठेवा, मगच त्यात लेन्स ठेवा. सॉल्व्हंटची वाफ बंद बॅगेत काचेजवळ कोंडलेली चांगली नाही.

पट्टा ५० मिलिमीटरचा सुती नवारीचा, बॅगेच्या तळाखालून फिरवून दोन्ही बाजूंना वर आणलेला. तळाखालून नेल्यामुळे भार पट्टीवर येतो. बाजूच्या शिवणीवर नुसती कडी टाचली असेल तर तीच शिवण आधी उसवते. सुती पट्टी कापडी शर्टावर घट्ट बसते, पॉलिप्रॉपिलीनची गुळगुळीत पट्टी सरकते आणि तिची कड मानेला कापते. ओली झाल्यावर सुती पट्टी जड होते आणि उशिरा वाळते, हे मान्य. टोकांना चौकोन आणि आत फुली अशी टीप मारून घेतली, धागा पॉलिस्टरचा, कारण सुती धागा ओल्यात कुजतो. फिरते हूक काढून टाकले. ते कडीवर घासून झिजतात, आणि ते निसटले तर आवाज होईपर्यंत कॅमेरा जमिनीवर असतो. लांबी अशी ठेवली की पट्टा छातीवरून तिरपा घेतल्यावर बॅगेचं तोंड कमरेच्या हाडाशी येतं. त्याहून खाली आली की प्रत्येक पावलाला मांडीवर आपटते. घाट चढताना झुलू नये म्हणून कमरेभोवती २५ मिलिमीटरचा पातळ बंद जोडला आहे.

बंद करण्यासाठी वेल्क्रो नको. कीर्तन चालू असताना त्याचा आवाज होतो हे एक, आणि चिखल-धाग्यांनी तो काही दिवसांत भरतो हे दुसरं. फ्लॅपला दोन साधी बक्कलं आहेत, खाली खोक्यावर चेन नाही. फ्लॅप अंगाच्या बाजूला जोडलेला असावा, म्हणजे उघडला तरी पोटाशी येतो आणि आतलं झाकायला एक हात पुरतो. बाहेरच्या बाजूला उघडणारं झाकण काम सोपं करतं, पण पावसात पन्हाळीसारखं पाणी गोळा करतं.

पाऊस. आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप दिलेलं नायलॉन सुरुवातीला उत्तम, पण दमट हवेत तो लेप काही वर्षांत चिकट होऊन सुटायला लागतो. कोकणात आणि मुंबईत हे लवकर दिसतं. मेण लावलेला कॅनव्हास टिकतो आणि पुन्हा मेण देता येतं, पण उन्हात मऊ होऊन धूळ धरतो, शिवाय पांढऱ्या सदऱ्याला डाग पडू शकतो. वारीत तर सगळेच पांढऱ्यात. बिलिंगहॅमने दोन कापडांमध्ये ब्युटाइल रबराचा थर घालून हा प्रश्न सोडवला आहे. १९७३ मध्ये सुरू झालेली ही इंग्लिश कंपनी आधी मासेमारीच्या बॅगा करायची, पाण्याची समज तिथून आलेली. ते बजेटात नाही. आम्ही साधा कॅनव्हास ठेवून छत्रीच्या कापडाचं, इलॅस्टिकचं कव्हर शिवायला दिलं आहे. कव्हरच्या तळाला ५ मिलिमीटरचं आयलेट (कडी बसवलेलं भोक) मुद्दाम सांगितलंय, नाहीतर पट्ट्यावरून ओघळलेलं पाणी तळाशी साठतं आणि बॅग त्यातच बसते.

बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, पण चालू पावसात दर दहा मिनिटांनी फ्लॅप उघडला की त्यांचा उपयोग फार नसतो. खरं काम मुक्कामाला पोचल्यावरचं: कॅमेरा आणि लेन्स बाहेर काढायच्या, खोका वेगळा करायचा, बॅग उलटी करून पंख्याखाली टांगायची. ओल्या बॅगेत रात्रभर लेन्स राहिली की बुरशीला हवं ते सगळं मिळतं: ओल, अंधार, कोंडलेली हवा. घरी आल्यावर लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कपाटात, बॅग कपाटाबाहेर.

बाकी कामं: कव्हर आलं की नळाखाली तपासणी, आत कॅमेऱ्याऐवजी वर्तमानपत्राचे बोळे घालून, म्हणजे ओल कुठून शिरते ते कागदावर दिसेल. फ्लॅपच्या दोन्ही कोपऱ्यांना पाणी अडवणारे कान शिवायचे आहेत. आणि पट्ट्याच्या टिपेची चाचणी ८ किलो तांदूळ भरून, झटके देऊन, सामान आत जाण्याआधी.