एका तासाचे तेरा जीबी : आमची वाटचाल

२००४ साली ठाण्याच्या नौपाड्यातल्या भाड्याच्या गाळ्यात आम्ही कॅसेट कन्व्हर्जनचे, म्हणजे व्हिडिओ कॅसेटींच्या संगणकीय फाइली करून देण्याचे काम सुरू केले, तेव्हा एक मिनीडीव्ही (लहान डिजिटल कॅसेटीचा) हँडीकॅम, फायरवायर कार्ड (कॅमेऱ्यातले चित्र वायरीने संगणकात घेणारे) बसवलेला संगणक आणि ८० जीबीची हार्डडिस्क एवढेच आमचे भांडवल होते. मिनीडीव्हीची तासाभराची कॅसेट जशीच्या तशी उतरवली की सुमारे १३ जीबी जागा लागते, त्यामुळे पाच-सहा कॅसेटींतच डिस्क भरत असे. तरीही आधी पूर्ण दर्जाने उतरवायचे, काँप्रेशन (फाइल दाबून लहान करणे) शेवटी एकदाच करायचे आणि उतरवलेली मूळ डीव्ही फाइल पुसायची नाही, हा नियम आम्ही मोडला नाही; जागा संपली की दुसरी डिस्क घेतली, मग घरखर्चाला कात्री लागली तरी चालेल.

हाय-एट या जुन्या अ‍ॅनालॉग कॅसेटींसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना डिजिटल-एट कॅमेरा शोधून आणला. त्यातल्या काही मॉडेलांमध्येच जुनी हाय-एट कॅसेट चालते आणि फायरवायरवाटे डिजिटल होऊन बाहेर पडते. शिवाय आतला टाइम बेस करेक्टर (चित्राच्या रेषांची वेळ जुळवणारा भाग) डगमगणाऱ्या उभ्या कडा सरळ करतो. हेड (फितीवरचे चित्र वाचणारा नाजूक भाग) साफ करताना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले शॅमी (मऊ चामड्याचे) कापड हेड बसवलेल्या ड्रमला टेकवून स्थिर धरायचे आणि ड्रम हाताने हळूच फिरवायचा. कापड खाली-वर घासले की हेड गेलेच म्हणून समजा. हे काम मी आजही मदतनिसाकडे सोपवत नाही.

२०१० मध्ये आमच्याच रस्त्यावर दुसरे दुकान उघडले आणि आमच्या निम्म्याहून कमी दरात कॅसेट घेऊ लागले. तिथे पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीने यूएसबीच्या लहानशा डबीतून थेट बारीक फाइल काढत, तासाला जेमतेम ३०० एमबीची. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या चित्रात सेकंदाला ५० फील्ड (एकाआड एक रेषांची अर्धी चित्रे) असतात, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या रेषा एकाआड एक विणलेल्या असतात. डीइंटरलेस न करता, म्हणजे या विणलेल्या रेषा सुट्या न करता, ते चित्र दाबले की हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात, आणि आधीच तोकडा असलेला बिटरेट (सेकंदागणिक चित्राला मिळणारी जागा) ते दात साठवण्यातच खर्ची पडतो. वर ४:३ चे (जुन्या टीव्हीच्या आकाराचे) चित्र रुंद पडद्यावर ताणून दिल्यामुळे मुंजीतला बटू आडवा सुटलेला दिसे. एवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसलो असतो. पण ‘आता कॅसेट काय कामाची, टाकून द्या’ असा सल्लाही तिथे मिळत असे, आणि लोकांनी तो ऐकला. पुढे त्यांतली काही माणसे ती फाइल घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा मूळ कॅसेट भंगारात गेलेली होती आणि हळहळण्यापलीकडे आमच्या हातात काही उरले नव्हते. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ते दुकान उघडल्यानंतरच्या दोन वर्षांत आमच्या गाळ्याचे पाच महिन्यांचे भाडे थकले, सौभाग्यवतीच्या पाटल्या गहाण पडल्या आणि त्यातच डिजिटल-एटचे हेड झिजले. गाळा सोडण्याची नोटीस मी लिहूनही ठेवली होती. घंटाळीच्या एक काकू २००६ पासून निवृत्तिवेतनातून दर महिन्याला दोन कॅसेट आणत असत. यजमानांनी काढलेल्या, प्रत्येकीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात तारीख घातलेल्या. मधल्या काळात त्यांचे येणे थांबले होते. एका दुपारी त्या उरलेल्या चौदाही कॅसेट पिशवीत भरून घेऊन आल्या आणि सगळे पैसे आगाऊ मोजून म्हणाल्या, “घाई करू नका, पण नीट करा.” त्या पैशांतून दुसरा कॅमेरा आला. नोटीस मी फाडली.

यानिमित्ताने एक सांगून ठेवतो. कॅसेट माळ्यावर ठेवू नका. ठाण्याच्या पावसाळ्यात फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते, आणि ती कॅसेट तशीच चालवून पाहिली की बुरशी हेडला आणि तिथून पुढच्या कॅसेटीला लागते. फाइल मिळाली म्हणून कॅसेट टाकू नका. फाइल मोबाईलवर पाठवायची असेल, तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती पुन्हा दाबली जाते.

२०१९ मध्ये आम्ही जुन्या डीव्ही फाइलींवरून काकूंचे सगळे काम विनामूल्य पुन्हा केले. नवे डीइंटरलेसिंग वापरून पन्नासही फील्डच्या पूर्ण फ्रेम केल्या आणि एच.२६४ या काँप्रेशनच्या पद्धतीत तासाला साधारण दोन जीबीची फाइल दिली. पाडव्याच्या शोभायात्रेतले लेझीम आधीच्या फाइलीत नुसते धुरकट फिरत होते, त्यात आता एकेक चकती सुटी दिसू लागली. काकूंनी तिथे चित्र थांबवायला सांगितले आणि पहिल्या रांगेतल्या सातही मुलींची नावे डावीकडून एकेक करून सांगितली.