अभंगाचं रेकॉर्डिंग: शेवटच्या सत्राचा प्रकल्प

पुण्यात साउंड इंजिनिअरिंग शिकताना शेवटच्या सत्रात एक रचना स्वतः रेकॉर्ड आणि मिक्स करून द्यायची होती. मी अभंग घेतला: गायकबुवा, पेटी, पखवाज, तानपुरा आणि टाळ. ड्रमसेटला माइक कसे लावायचे ते वर्गात भरपूर शिकवलं होतं, पण पखवाज स्वतःच शोधावा लागतो. म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

रेकॉर्डिंग दहाचं असेल तर एसी आठलाच सुरू करावा. कोरड्या हवेत कातडं ताणतं आणि पुडीचा (पखवाजाच्या कातडी तोंडाचा) स्वर चढतो. पेटीचा सूर मात्र जागचा हलत नाही. आल्या आल्या लावलेला पखवाज अर्ध्या तासात पेटीला सोडून जातो. वाद्य खोलीत तासभर राहू द्यावं, मग गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून सुरात मिळवावं. डाव्या पुडीवरची कणीकही एसीत वाळते आणि वाळली की घुमारा जातो. भिजवलेली कणीक ओल्या फडक्याखाली हाताशी ठेवावी आणि दर दोन टेकनंतर डावी बाजू ऐकून बघावी. हे मिक्समध्ये दुरुस्त होत नाही.

पखवाज आडवा असतो, म्हणून दोन माइक लागतात. उजव्या पुडीला लहान डायफ्रामचा (आतल्या पडद्याचा) कंडेन्सर माइक, साधारण ३० सेंटिमीटरवर, शाईच्या (पुडीवरच्या काळ्या लेपाच्या) मध्याऐवजी काठाकडे रोखलेला. डावीला मोठ्या डायफ्रामचा डायनॅमिक माइक, २० ते २५ सेंटिमीटरवर. दोन्ही माइक एकमेकांच्या समोर येतात. एका पुडीवर थाप पडली की आतली हवा दुसरीला बाहेर ढकलते, म्हणून दोन्ही सिग्नल एकत्र केल्यावर खालचा आवाज पातळ होऊ शकतो. मॉनिटर मोनो करायचा (सगळा आवाज एकत्र करून ऐकायचा), डाव्या माइकची पोलॅरिटी (सिग्नलच्या चढ-उताराची दिशा) उलटवून पाहायची आणि ज्या स्थितीत ‘धा’ भरीव येतो ती ठेवायची. या माइकवर लो-कट (खालचा आवाज कापणारा फिल्टर) लावू नये.

गायकाला २० सेंटिमीटरवर कंडेन्सर, पॉप फिल्टर आणि ८० हर्ट्झचा लो-कट. मंडळी जमिनीवर बसतात, त्यामुळे फरशीचं परावर्तन माइकात येतं; जाड सतरंजी अंथरली तरी बराच फरक पडतो. पेटीचा माइक पट्ट्यांच्या वर ४० सेंटिमीटरवर, भात्याकडे पाठ करून. जवळ आणला तर पट्ट्यांचीच टकटक जास्त येते.

सगळ्यात त्रास टाळांचा. त्यांचा झणत्कार प्रत्येक माइकात शिरतो. गायकाच्या ट्रॅकवर डी-एसर (‘स’चा टोचरा आवाज दाबणारं साधन) लावला की तो ‘स’ऐवजी टाळालाच दाबू लागतो आणि प्रत्येक ठोक्याला गळा बसल्यासारखा वाटतो. टाळ पूर्णच मागाहून घ्यावेत तर पखवाजाला उठाव मिळत नाही. मधला मार्ग असा: एक टाळकरी काचेपलीकडच्या बूथमध्ये बसवायचा, सर्वांना हेडफोन द्यायचे आणि उरलेले टाळ नंतर तीनदा भरायचे. दर वेळी टाळांची जोडी बदलावी, नाहीतर चार टाळ एकच टाळ मोठा केल्यासारखे ऐकू येतात.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करायचं. लेव्हल धृपदावर लावू नये. शेवटचा गजर आधी म्हणायला लावायचा आणि तिथे शिखर उणे १० डीबीच्या आसपास ठेवायचं. रेकॉर्डिंगला बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल, म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. मिक्सच्या वेळी तो १०२४ वर न्यायचा.

क्लिक (हेडफोनमधला ठरावीक लयीचा ठोका) वापरू नये. अभंगाची लय चढत जाते, ती बांधली की जीव जातो. याचा परिणाम एडिटिंगवर होतो: दोन टेक जोडायचे तर सारख्याच लयीच्या ठिकाणी, समेच्या थापेच्या किंचित आधी कापायचं आणि ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (पहिला टेक उतरत असताना दुसरा चढवणं) द्यायचा. तानपुरा त्याच खोलीत वाजत असेल तर जोडावर गुंजन तुटतं. तो वेगळा, सलग रेकॉर्ड करावा; मग तोच जोड झाकतो. गायकाला हेडफोनमध्ये तानपुरा द्यावा, पण एक कान मोकळा ठेवू द्यावा.

मिक्समध्ये पेटी आवरावी लागते. तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. लांबवलेल्या गंधारावर दोन्ही मोठे असले की आवाज थरथरतो. इक्वलायझर इथे कामाचा नाही, त्या जागी पेटीचा फेडर दोन-तीन डीबी खाली ओढायचा.

असा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी घेतो. तासाभराचे आठ ट्रॅक म्हणजे ४ जीबीच्या वर, आणि हे सगळं त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं. देताना सगळे स्टेम (वाद्यावार वेगळे ट्रॅक) एकाच शून्यापासून सुरू झालेले हवेत. सोबत माइकच्या जागांचा हाताने काढलेला, अंतरं लिहिलेला नकाशा जोडावा. तोंडी परीक्षेत मला पहिला प्रश्न त्यावरच आला: डाव्या पुडीची पोलॅरिटी का उलटवली?