डिझेल गाडीचं ऑइल: ६२ हजार ते ७१ हजार किलोमीटरची नोंदवही

६२,३४० किमी

सेकंड हँड घेतलेल्या टर्बो डिझेलची कागदपत्रं आज निवांत बसून चाळली. आधीच्या सर्व्हिसच्या बिलावर एवढंच लिहिलंय: ‘५डब्ल्यू-३०, सिंथेटिक’. स्पेसिफिकेशन नाही, अप्रूव्हल नाही. गाडीच्या पुस्तिकेत मात्र स्पष्ट आहे, एसीईए सी३, म्हणजे युरोपातल्या गाडी बनवणाऱ्यांच्या संघटनेने ठरवलेला ऑइलचा एक दर्जा. आत नेमकं काय ओतलंय हे त्या एका ओळीवरून कळायला मार्ग नाही. काढूनच टाकायचं ठरवलं.

आपण सगळे ‘कुठला ग्रेड?’ इथूनच सुरुवात करतो. मीही तेच केलं आणि दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. पण ५डब्ल्यू-३० हे फक्त व्हिस्कॉसिटीचं, म्हणजे ऑइलच्या दाटपणाचं, माप आहे. ‘५डब्ल्यू’ सांगतं की कडाक्याच्या थंडीत, उणे ३० अंशांला स्टार्टर मारताना ऑइल ठरावीक मर्यादेपेक्षा घट्ट होणार नाही. ‘३०’ सांगतं की १०० अंशांला त्याची व्हिस्कॉसिटी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान राहील. या चौकटीत एसीईएचे वेगवेगळे दर्जे बसतात: सी२ बसतं, सी३ बसतं, ए३/बी४ सुद्धा बसतं. तिन्ही डब्यांवर पुढे तेच ५डब्ल्यू-३०, आणि आतला माल वेगळा.

पहिला फरक एचटीएचएसचा. १५० अंश तापमानात, बेअरिंगच्या फटीत चिरडलं जात असताना ऑइलचा थर किती टिकतो, त्याचं हे माप. सी२ ला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद चालतात, सी३ ला किमान ३.५ लागतात. सी२ मुळे इंधन थोडं वाचतं, पण माझ्या इंजिनाची बेअरिंगं ३.५ धरून बनवलेली आहेत. मग तिथे काटकसर कशाला?

दुसरा फरक राखेचा, आणि माझ्या मते डिझेलवाल्याने सगळ्यात आधी बघायची गोष्ट हीच. डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा तो काजळीचा फिल्टर, सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवला की काजळी जळून जाते. राख जळत नाही. ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकच्या ॲडिटिव्हची राख जी एकदा आत बसते ती बसतेच. सी३ मध्ये सल्फेटेड ॲश जास्तीत जास्त ०.८ टक्के. ए३/बी४ मध्ये ती १.६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. इंजिनाने एक लिटर ऑइल खाल्लं, म्हणजे साधारण ८५० ग्रॅम, तर एकाची राख ७ ग्रॅमच्या आसपास आणि दुसऱ्याची १३ च्या पुढे. त्यातली बरीचशी फिल्टरमध्येच अडकते. लाखभर किलोमीटरमध्ये हा हिशेब कुठवर जातो ते ज्याचं त्याने करून बघावं. म्हणून डिझेलचं ऑइल निवडायला मी आता इंजिनापासून नाही, सायलेन्सरच्या टोकापासून सुरुवात करतो.

डीपीएफ नसलेल्या जुन्या डिझेलचं गणित उलटं आहे. राख कमी म्हणजे बहुधा आम्ल मारणारा साठाही, म्हणजे टीबीएन, कमी. ए३/बी४ ला किमान १० लागतो, सी३ ला ६ पुरतो. डिझेलमध्ये गंधक जास्त असेल तर सी३ लवकर थकतं. तिथे ए३/बी४ च बरं.

६२,४१० किमी

डबा निवडला. ‘फुली सिंथेटिक’ या शब्दांवर मी विसंबलो नाही. बऱ्याच देशांत हायड्रोक्रॅकिंगने खनिज तेलापासून बनवलेलं ग्रुप ३ चं बेस ऑइलही सिंथेटिक म्हणूनच विकतात. पीएओ, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने जोडून बनवलेलं ग्रुप ४ चं बेस ऑइल, निराळं. चांगलं ग्रुप ३ उत्तम काम करतं, माझी त्याला हरकत नाही. मी बघितली ती मागची बारीक अक्षरं. तिथे एमबी २२९.५१ (मर्सिडीज-बेंझचा ऑइलचा दर्जा) च्या आधी ‘अप्रूव्हल’ असेल तर गाडी कंपनीने ते ऑइल स्वतः पारखून मान्य केलेलं असतं. ‘मीट्स’ किंवा ‘सुटेबल फॉर’ असेल तर तो ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा. मला अप्रूव्हलवालं हवं होतं, तेच घेतलं.

६२,४३० किमी

इंजिन गरम करून ड्रेन प्लग सोडला. शेवटचे दोन आटे हाताने, प्लग आत दाबून धरत फिरवायचे आणि मग झटकन बाजूला घ्यायचा. कोपरापर्यंत ऑइल येत नाही. धार आधी अंगठ्याएवढी, मग सुतासारखी, मग थेंब थेंब. वीस मिनिटं गळू दिलं. प्लगचा वॉशर नवा, फिल्टरच्या टोपणाची रबरी रिंग नवी, तिला ऑइलचं बोट फिरवलं, आणि टोपणावर कोरलेल्या २५ न्यूटन-मीटरवर टॉर्क रेंच थांबवला. लेव्हल बरोबर कमालच्या खुणेवर.

६२,६२० किमी

मधाच्या रंगाचं ऑइल काळं झालं. डिझेलमध्ये हे व्हायचंच. कानाकोपऱ्यातली काजळी ऑइलने उचलून धरली आहे, तेच त्याचं काम. रंग बघून घाबरू नका.

६५,५७० किमी

आज मात्र थबकलो. डिपस्टिक पुसली, पुन्हा घातली, पांढऱ्या कागदावर टेकवली: कमालच्या खुणेपेक्षा चार मिलिमीटर वर! मी थेंबही ओतला नव्हता. गेले दोन महिने सगळ्या फेऱ्या सात-आठ किलोमीटरच्या. डीपीएफ तापवायला इंजिन ज्वलनानंतर जादा डिझेल सोडतं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं. गाडी मध्येच बंद केली की ते काम अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. पेट्रोलसारखं डिझेल ऑइलमधून सहज उडूनही जात नाही. ऑइल पातळ होतं, आणि लेव्हल फार चढली तर इंजिन तेच ऑइल ओढून बेफाम फिरू शकतं. कागदाला डिझेलचा वासही होता. त्याच आठवड्यात ऑइल बदललं, तेच सी३ परत भरलं. पुस्तिकेतले १५,००० किलोमीटर माझ्या वापरासाठी नाहीत. मी ७,५०० धरले.

७१,०८० किमी

मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी मोकळ्या रस्त्यावर अर्ध्या तासाची सलग फेरी मारली. रिजनरेशन, म्हणजे डीपीएफ तापवून काजळी जाळण्याचं काम, सुरू असलं की गाडी उभी असताना इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा नेहमीपेक्षा थोडा वर दिसतो. तो दिसला तर गाडी बंद करायची नाही, हा नियम घरात सगळ्यांना सांगितला. आज सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी लेव्हल बघितली. कमालच्या खुणेच्या एक मिलिमीटर खाली. पुढच्या चेंजला धार मध्यावर आली की बाटलीत नमुना धरून प्रयोगशाळेत पाठवणार आहे: व्हिस्कॉसिटी, इंधनाचं प्रमाण, टीबीएन आणि लोह. आकडे आले की याच्या खाली लिहीन.