सावरीची फळी आणि काळी भुकटी

९ नोव्हेंबर

शाळेत चोवीस वर्षे संस्कृत शिकवताना ‘अरणी’ हा शब्द मी अनेकदा फळ्यावर लिहिला आणि ‘अग्नी निर्माण करण्यासाठी एकमेकांवर घासायची दोन लाकडे’ असा त्याचा अर्थ सांगून पुढच्या शब्दाकडे वळले. निवृत्तीनंतरच्या या पहिल्या दिवाळीत जुन्या वह्या चाळताना तोच अर्थ माझ्या अक्षरात पुन्हा समोर आला आणि तो चुकीचा आहे हे लक्षात आले. यज्ञातला अग्नी लाकडे घासून काढत नाहीत, एक लाकूड दुसऱ्यात रवीसारखे घुसळून काढतात. ‘अग्निमंथन’ हा शब्द हेच तर सांगतो, आणि ताक करणाऱ्या आजीची रवी मी लहानपणी दोरीने ओढलेली असूनही ती आणि हा शब्द माझ्या मनात कधी शेजारी आले नव्हते.

याज्ञिक परंपरेत या साधनांची मापे ठरलेली आहेत. खालची अरणी २४ अंगुळे लांब, ६ अंगुळे रुंद आणि ४ अंगुळे जाड, म्हणजे साधारण एक हात लांबीचा चांगला भरीव ठोकळा. तिच्यात फिरणारा प्रमंथ ८ अंगुळांचा, तो ज्याच्या टोकाला बसवतात ते चात्र १२ अंगुळांचे, आणि चात्र वरून दाबून धरणारी ओविलीही १२ अंगुळांची. चात्राभोवती गुंडाळायच्या दोरीला नेत्र म्हणतात, आणि ती गाईच्या केसांत ताग मिसळून तिपेडी वळलेली असावी असे सांगितले आहे. ही मापे मी आज प्रथमच पट्टी हातात घेऊन वाचली. अशा साधनाने अग्नी स्वतःच्या हाताने काढून पाहायचा, असे ठरवले आहे.

२१ नोव्हेंबर

आमच्या आळीत एक वृद्ध सुतार आहेत, त्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांच्याकडे जाऊन चात्र आणि ओविली यांचे चित्र काढून दाखवले, तेव्हा ते काही न बोलता आत गेले आणि माळ्यावरून धूळ बसलेला सामता घेऊन आले. विजेचे यंत्र येण्यापूर्वी लाकडाला भोके पाडण्याचे हेच हत्यार होते: मध्ये उभा दांडा, त्याच्या टोकाला लोखंडी अणी, वरून दाबायची मूठ, आणि दांड्याभोवती एक वेढा घेतलेली दोरी कमानीला बांधलेली. कमान पुढेमागे ओढली की दांडा गरगर फिरतो. अणी काढून टाकली तर हे अग्निमंथनाचेच यंत्र आहे. फरक एवढाच की मंथनात एकजण ओविलीवर भार देतो आणि दुसरा दोन्ही हातांनी नेत्र ओढतो, तर कमानीमुळे हे काम एकट्या माणसाला करता येते. मला एकटीनेच करायचे असल्याने मी कमान स्वीकारली.

लाकडाच्या निवडीत मात्र तात्यांनी मला स्पष्टपणे अडवले. श्रौत, म्हणजे वैदिक यज्ञांच्या, परंपरेत अरणी पिंपळाची असते, आणि तोही शमीच्या झाडावर उगवलेला पिंपळ उत्तम मानतात. पुरूरवा राजाच्या वैदिक कथेत गंधर्वांनी दिलेला अग्नी तो रानात ठेवून येतो आणि परत जातो तेव्हा अग्नीचा पिंपळ व त्याच्या पात्राची शमी झालेली असते, म्हणून त्या लाकडात अग्नी आहे अशी ही श्रद्धा आहे. मी हे सांगितल्यावर तात्या म्हणाले, “बाई, ते सगळं खरं असेल, पण पिंपळाला मी करवत लावत नाही.” मग त्यांनी काटेसावरीची वाळलेली फांदी सुचवली. सावरीचे लाकूड हलके आणि मऊ असते, आगकाड्यांसाठीही ते वापरतात. नखाने दाबले तर खूण उमटली पाहिजे, ही त्यांनी सांगितलेली कसोटी मी लिहून ठेवली आहे.

साधने त्यांच्या ओट्यावर बसून मी स्वतः केली. सावरीची दोन सेंटिमीटर जाडीची फळी, सावरीचीच २२ सेंटिमीटरची अंगठ्याएवढी दांडी, हातभर लांबीच्या किंचित वाकलेल्या फांदीची कमान, तागाची सुतळी, आणि वर धरण्यासाठी लाकडाच्या ठोकळ्यात बसवलेला करवंटीचा तुकडा. दांडीचे खालचे टोक बोथट ठेवायचे आणि वरचे निमुळते करायचे, कारण खाली घर्षण हवे आणि वर ते शक्य तेवढे नको.

१४ डिसेंबर

तीन आठवडे झाले, धुराखेरीज हाती काही लागलेले नाही. आरंभी दांडी फळीवरून उसळून अंगणात जात असे. ते थांबले तेव्हा सुतळी घसरू लागली. सुतळीला पीळ देऊन ती घट्ट केली तेव्हा दांडी कर्कश आवाज करू लागली आणि फळीत ती जिथे फिरते तो खळगा आरशासारखा गुळगुळीत झाला. तात्यांनी तो पाहून सांगितले की लाकूड घोटले गेले आहे, आता ते झिजणार नाही आणि झिजल्याशिवाय भुकटी निघणार नाही. चिमूटभर बारीक वाळू टाकून मी तो पुन्हा खरबरीत केला. परवा घाईत दांडी उलटी बसवली आणि करवंटीकडचे खोबरेल तेल लावलेले टोक फळीत गेले. तो खळगा त्यामुळे कायमचा वाया गेला.

काल मात्र एक मोठी गोष्ट उमगली. निखारा दांडीत किंवा फळीत तयार होत नाही, तो भुकटीत तयार होतो. लाकूड सुमारे २०० अंश सेल्सियसच्या पुढे विघटित होऊन धूर सोडू लागते, पण भुकटीने आपली आपण धुमसत राहावे यासाठी सुमारे ४०० अंश उष्णता लागते, आणि ती उष्णता टिकण्यासाठी भुकटी विखरून न जाता एका ठिकाणी साचली पाहिजे. त्यासाठीच खळग्याच्या कडेला खाच असते. माझी खाच खळग्याच्या जेमतेम काठापर्यंत पोहोचत होती. ती जवळजवळ मध्यबिंदूपर्यंत न्यावी लागते आणि तिची रुंदी वर्तुळाच्या आठव्या हिश्शाएवढी असावी लागते. ज्याला मी तीन आठवडे कचरा समजून फुंकून टाकत होते, तीच भुकटी सांभाळायची होती.

तेव्हापासून मी भुकटीचा रंग पाहते. फिकट तपकिरी निघाली तर वेग किंवा दाब कमी पडला, भरड आणि गुंडाळलेली निघाली तर दाब फार झाला. काळी, मऊ, काजळीच्या जवळ जाणारी हवी.

१८ जानेवारी

नोव्हेंबरातली फांदी वरून वाळलेली दिसत असली तरी आतून ओलीच होती. हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी धरून ठेवते, आणि आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर येते. माझी निम्मी मेहनत हे पाणी उकळण्यातच जात होती. आता थंडी कोरडी आहे, आणि फळी महिनाभर चुलीच्या वरच्या फडताळात राहिली आहे.

बसण्याची रीतही आता अंगवळणी पडली. उजवा गुडघा जमिनीवर, डावे पाऊल फळीवर, आणि ठोकळा धरलेल्या डाव्या हाताचे मनगट नडगीला टेकवलेले. मनगट असे टेकले नाही तर दांडी डोलते, आणि डोलणारी दांडी भुकटीला खाचेबाहेर फेकते. कमान आखूड हिसक्यांनी न ओढता पूर्ण लांबीने ओढायची, प्रथम हलक्या दाबाने आणि धूर दाटू लागल्यावर वेग व दाब दोन्ही वाढवून.

१६ फेब्रुवारी

आज सकाळी साडेनऊच्या सुमारास निखारा पडला.

धूर दांडीच्या टोकाशी येत होता, तो खाचेतल्या ढिगातून येऊ लागला. मी कमान थांबवली, दांडी उचलली, आणि तरीही ढिगातून एक बारीक, सरळ रेघ वर जात राहिली. यापूर्वी घाई करून दोनदा ढीग मोडला होता आणि एकदा कपाळावरचा घामाचा थेंब त्यावर पडला होता, म्हणून या वेळी श्वास रोखून अर्धा मिनिट नुसती पाहत राहिले. मग फळीखाली सरकवून ठेवलेले केळीचे वाळलेले पान हळूच ओढून घेतले. हाताने वारा घातला तेव्हा काळ्या भुकटीच्या मधोमध गव्हाच्या दाण्याएवढा लाल ठिपका दिसला. तो गोवरीच्या चुऱ्यात आणि त्यासह नारळाचा काथ्या पिंजून केलेल्या चुंबळीत ठेवला, आणि तोंडाच्या पातळीवर धरून लांब, सावकाश फुंकर घालत राहिले. धूर पांढरा झाला, मग पिवळट आणि दाट झाला, आणि एका फुंकरीसरशी चुंबळ हातात पेटली.

ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील एकोणतिसाव्या सूक्तात अग्नी हा गर्भवतीच्या पोटातील गर्भासारखा दोन अरणींत ठेवलेला आहे असे म्हटले आहे. ही उपमा मी शिकवली होती आणि सुंदर म्हणून तिची वाखाणणीही केली होती. आज खाचेत साचलेली ऊबदार भुकटी आणि तिला धक्का लागू नये म्हणून आपोआप थांबलेला माझा हात पाहिल्यावर वाटले की हे लिहिणाऱ्याने भुकटी जपली होती.

पेटती चुंबळ मी परसातल्या चुलीत ठेवली आणि तात्यांना बोलावले. त्यांनी ज्वाळेकडे फारसे पाहिले नाही. फळी उचलून खळग्यातून बोट फिरवले, खाचेची कड तपासली आणि म्हणाले, “बाई, खाच थोडी डावीकडे गेली आहे, पण भोक समेत पडलं आहे.” मला शाळेतल्या कोणत्याही शेऱ्याने झाला नसेल एवढा आनंद त्या वाक्याने झाला.

संध्याकाळी साधने मोजून ठेवली. दांडी २२ सेंटिमीटरची होती, ती झिजून १५ सेंटिमीटर उरली आहे. फळीवर सात खळगे आहेत आणि आणखी दोन मावतील. घाटाच्या पायथ्याशी सावरी पाने गाळून लाल फुलांनी भरल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात देवळामागच्या पिंपळाची एक फांदी वाऱ्याने मोडून पडली होती, ती तात्यांनी स्वतःहून आणून दिली, कारण पडलेल्या फांदीला करवत लावण्यास त्यांची हरकत नाही. ती मी फडताळात ठेवली आहे. वैशाखापर्यंत ती तिथेच वाळू देणार आहे.